कूपन नंतर, भाव आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडला राहणाऱ्या एका ताईंचे यजमान गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. चार महिन्यांपासून ओव्हरटाइम बंद झालाय, त्यामुळे हातात येणारे ३८,००० आता २९,००० वर आलेत. घरात पाच माणसं: नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासूबाई. किराणा, दूध, भाजी आणि सासूबाईंची औषधं मिळून महिन्याला १५,००० जातात. ताई लिहितात, "फोनवर चार ॲप ठेवलीत. रोज कूपन शोधते. अमेरिकेतल्या बायका कूपनं कापून गाडीभर सामान जवळजवळ फुकटात आणतात, ते व्हिडिओही बघते. प्रत्येक बिलाखाली 'तुम्ही इतके रुपये वाचवलेत' असं येतं. पण महिनाअखेरीला हातात काहीच उरत नाही. माझं चुकतंय कुठे?" सोबत त्यांनी तीन बिलं उतरवून पाठवली आहेत.

ताई, मी बावीस वर्षं एका सहकारी ग्राहक भांडारात खरेदी बघत होते. कंपन्यांच्या स्कीम माझ्या टेबलावर यायच्या आणि त्या फळीवर कशा मांडायच्या हेही आम्हीच ठरवायचो. आता बचत गटांतल्या बायकांबरोबर बसून महिन्याच्या याद्या तपासते. म्हणून जे सांगते ते काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघून सांगते.

तुमच्या दुसऱ्या बिलापासून सुरुवात करू. तूरडाळ, साखर, चहा आणि अंगाचा साबण, एवढंच तुम्हाला हवं होतं. त्याचे झाले ३४० रुपये. ७५ रुपयांचं कूपन लागायला ४९९ ची खरेदी हवी होती, म्हणून १६५ रुपयांची क्रीमची बिस्किटं आणि वेफर्स घेतले. ५०५ मधून ७५ गेले, राहिले ४३०. त्यात हाताळणीचे ११ धरले, एकूण ४४१. खाली हिरव्या अक्षरांत आलं, 'तुम्ही ७५ रुपये वाचवलेत'. घरातून मात्र ३४० ऐवजी ४४१ गेले. म्हणजे १०१ रुपये जास्त, आणि तेही दोन दिवसांत संपणाऱ्या खाऊवर. अशी बिलं तुम्ही आठवड्यातून दोनदा करत असाल, तर महिन्याला आठशेच्या वर पैसे केवळ कूपन लावण्यासाठी गेले. तुमचं चुकतंय ते इथे. यादी आधी होती, पण कूपन आलं आणि यादी त्याच्या मापाची झाली.

यात तुमचा दोष थोडा आहे, मांडणीचा फार मोठा आहे. कूपन कुठल्या मालावर येतं ते बघा. बिस्किटं, चॉकलेट, वेफर्स, शीतपेयं, शॅम्पू, फेसवॉश. जिथे नफा जाड असतो तिथेच सूट द्यायला जागा असते. डाळ, साखर, तेल, गहू यांवर दुकानदाराला मुळात थोडंच सुटतं, त्यामुळे तिथे कूपन क्वचित येतं, आणि आलंच तर तुम्हाला दारापर्यंत आणण्यासाठी येतं. आमच्या भांडारातही साखरेचा भाव आम्ही मुद्दाम पडता ठेवायचो. साखरेला येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीनं परत जात नाही हे सगळ्या दुकानदारांना ठाऊक असतं. नजरेच्या उंचीची फळी कुठल्या कंपनीला द्यायची याची बोलणी व्हायची. ज्याची एक्स्पायरी दोन-तीन महिन्यांवर आली तो माल 'एकावर एक फुकट' होऊन दारातल्या टेबलावर यायचा. यात फसवणूक नव्हती, तारीख पाकिटावर छापलेलीच असायची. पण आमचा हिशेब आमच्या बाजूचा होता. तुमचा हिशेब तुम्हालाच मांडायला हवा.

अमेरिकेचं म्हणाल, तर तिथली गोष्ट तिथल्या बाजाराची आहे. कंपन्या रविवारच्या वर्तमानपत्रातून कूपनांची पुरवणी वाटायच्या, काही दुकानं त्या कूपनाची किंमत दुप्पट धरायची, वर दुकानाची स्वतःची सूट. २००८-०९ च्या मंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा त्या कापाकापीची मोठी लाट आली. तरी त्या गाडीत नीट बघा, टूथपेस्ट, डबाबंद सूप, सकाळी दुधात घालून खायचे पोहे, कपड्यांचा साबण. भाजी, दूध आणि धान्य फारसं दिसणार नाही. आपल्या घरातला पैसा नेमका भाजी-दूध-धान्यात जातो. तिकडची युक्ती इकडे लावून लागणार नाही.

आता काय करायचं. मला स्वतःला ज्या एका सवयीनं तारलं ती आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. भाववही ठेवा.

ही सवय माझ्या आईची. १९७२ च्या दुष्काळात आम्ही नगर जिल्ह्यात होतो. रेशनवर बाहेरून आलेला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, सुकडी म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ मिळायचा. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आई मोर्चाला गेली नव्हती, पण तिनं माझ्या भावाच्या शाळेच्या उरलेल्या पानांची वही शिवली आणि बाजारातून आली की प्रत्येक जिनसेचा भाव लिहायला लागली. वाणी म्हणाला "डाळ कडाडली", तर ती वही काढून म्हणायची, "कडाडली खरी, पण मागच्या बाजाराला किती होती ते सांगते." वाणी तिला पुन्हा कधी अंदाजानं भाव सांगत नसे.

तुम्हीही एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एक जिन्नस. घरात नेहमी लागणारे पंचवीस-तीस जिन्नस पुरे: तांदूळ, गहू, तूरडाळ, मूगडाळ, तेल, साखर, गूळ, चहा, शेंगदाणे, पोहे, रवा, साबण, पावडर वगैरे. तारीख, दुकान, वजन, दिलेले पैसे आणि शेवटच्या रकान्यात किलोचा किंवा लिटरचा भाव. खरी वही म्हणजे तो शेवटचा रकानाच. दोन महिन्यांत तुम्हाला पाठ होईल की तुमच्या भागात तूरडाळ कुठल्या भावाच्या खाली आली की जास्त घ्यायची. मग 'पन्नास टक्के सूट' या अक्षरांचा तुमच्यावर काही परिणाम होणार नाही, कारण कशाच्या पन्नास टक्के हे तुम्हाला माहीत असेल.

किलोचा भाव काढायला पूर्वी डोकं चालवावं लागायचं. आता पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत 'युनिट सेल प्राइस' छापणं बंधनकारक आहे. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरच्या पाकिटावर किलोचा. चष्मा लावून तो आकडा वाचा. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानाची सूट त्यात धरलेली नसते, तेव्हा सुटीनंतरचा हिशेब तुम्हालाच करायचा.

तेलाच्या पिशवीपुढे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. समजा एक पिशवी १ लिटरची, १५० रुपयांना. शेजारी दुसरी, तशीच जाड, तशाच रंगाची, वर लाल चिठ्ठी 'आज १३२ फक्त'. हात आपोआप तिच्याकडे जातो. उलटी करून बघितली तर ती ८५० मिलीची निघते. १३२ ला ८५० म्हणजे लिटरला १५५ पडले. स्वस्त दिसणारी पिशवी लिटरमागे पाच रुपयांनी महाग. डब्यात तर याहून मोठा फरक. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात १५ लिटरचाही डबा मिळतो आणि १५ किलोचाही, दोघांना लोक 'पंधराचा डबा' म्हणतात. १५ लिटरच्या डब्यात तेल असतं साडेतेरा किलोच्या किंचित वर. १५ किलोच्या डब्यात त्याहून जवळजवळ दीड लिटर जास्त. दुकानदाराला "डबा केवढ्याला?" असं विचारू नका. "किलोचा की लिटरचा?" हे आधी विचारा. तुम्हाला माहिती आहे हे त्याला त्या एका प्रश्नात कळतं.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हाही गैरसमज वहीनं मोडेल. शॅम्पूच्या एक रुपयाच्या पुडीत पाच-सहा मिली असतो. म्हणजे १८० मिलीच्या बाटलीएवढा शॅम्पू पुड्यांमधून तीस-पस्तीस रुपयांत येतो. त्याच बाटलीवरची किंमत त्याच्याशी ताडून बघा. पाच आणि दहा रुपयांच्या बिस्किटांचं उलटं. तिथे कंपनीला किंमत वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या हातात नाणं ठरलेलं असतं. मग आतलं वजन कमी होतं. आमच्या धंद्यात याला 'ग्रामेज कमी केलं' असं म्हणायचे. पाकीट तेवढंच, किंमत तीच, बिस्किटं दोन कमी. वहीत वजनाचा रकाना असला की हे लगेच सापडतं.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच घरगुती मालावरचा जीएसटी उतरला. टूथपेस्ट, शॅम्पू, अंगाचा साबण, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप आणि लोणी १२ वरून ५ वर, पाकीटबंद पनीर शून्यावर. कराचा पूर्ण फायदा तुमच्यापर्यंत आला तर ११८ ची वस्तू १०५ ला पडायला हवी. तुमच्या डोक्यात जुना भाव बसलेला असेल आणि दुकानात 'खास सूट' म्हणून कोणी तो १०५ दाखवत असेल, तर ती सूट नाही, ती करकपात आहे. नव्या एमआरपीवरून पुढे काय कमी होतंय ते बघायचं.

मग कूपन वापरायचंच नाही का? वापरा ना. मीही वापरते. पण माझा क्रम असा: महिन्याच्या २८-२९ तारखेला यादी तयार होते, फोन बाजूला ठेवून, स्वयंपाकघरात डबे उघडून बघत. प्रत्येक जिनसेपुढे वहीतला चांगला भाव लिहिते. मग फोन उघडते. ॲपवर कूपन, दुकानाची सूट, पाठवणावळ, हाताळणी, पावसाचा अधिभार हे सगळं धरून शेवटचा आकडा बघते आणि त्याला किलोनं भागते. वहीतल्या भावापेक्षा खाली आला तर घेते. नाही आला तर कूपन कितीचंही असो, सोडून देते. किमान खरेदीची अट असेल तर ती साबण, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट अशा न नासणाऱ्या मालानं पुरी करते, तोही यादीतला, पुढच्या महिन्याचा. खाऊनं पुरी करत नाही. पहिल्या खरेदीचं कूपन बहुतेक सगळ्यात मोठं असतं, ते फुटकळ वस्तूवर घालवू नये, महिन्याच्या मोठ्या बिलासाठी राखून ठेवावं. यजमानांच्या कंपनीतून दुकानांची गिफ्ट कार्डं सवलतीत मिळतात का, तेही विचारून घ्या. दोन-तीन टक्के का होईना, पण ते पूर्ण बिलावर लागतात, त्याला खाऊची अट नसते.

फोनवरून पैसे पाठवल्यावर जी खरडून उघडायची कार्डं येतात त्यांतली बहुतेक जाहिरात असते. "चष्म्यावर ५०० सूट" हे कार्ड चष्मा लागला नसताना शून्य रुपयांचं. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंनासुद्धा: पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. 'कॅशबॅक घ्यायला पिन टाका' असं कोणी म्हणालं की तो चोर.

"फक्त ७ मिनिटं उरली", "२३ जण हेच बघत आहेत", बिलात गुपचूप शिरलेली दोन रुपयांची देणगी, नको म्हटलं की "मला बचत नको" असं बटण. तुम्हाला या गोष्टींची घाई होते असं तुम्ही लिहिलंय. ती व्हावी म्हणूनच त्या केलेल्या असतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा १३ प्रकारांना अनुचित ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दिसलं तर स्क्रीनचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, कळवा. एमआरपीच्या वर कोणी पैसे घेतले तरी हाच नंबर. वजनात खोट वाटली तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते. मापात पाप सहन करून कुठलीच काटकसर जमत नाही.

दुकानात बिल झालं की काउंटरवरून हलायच्या आधी वाचा. गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानात फळीवर 'दोन घ्या, ९९' अशी चिठ्ठी होती आणि बिलात दोन्हींचे वेगळे पैसे लागले होते. मागे रांग होती, मला संकोच वाटला, तरी दाखवलं. त्यांनी दुरुस्त करून दिलं. घरी येऊन लक्षात आलं असतं तर रिक्षाचे पैसे घालून परत कोण गेलं असतं?

आता कूपनाच्या बाहेरची, खरी मोठी बचत. ती मोसमात आहे. आपल्या आयांनी वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरलं ते उगाच नाही. मार्च ते मे नवा गहू येतो, त्याच्या आधी नवी तूर आलेली असते, मिरची आणि चिंच होळीच्या आगेमागे उतरते. तेव्हा घेतलेला माल आणि दिवाळीच्या तोंडावर पाव-पाव किलोनं घेतलेला माल यांच्या भावात जो फरक पडतो तो कुठल्याही कूपनानं भरून येत नाही. कांद्याचंही तसंच. एप्रिल-मेचा उन्हाळी कांदा, पापुद्रा सुकलेला, घट्ट मानेचा, हवेशीर जागी पसरून ठेवला की चार-पाच महिने टिकतो. हिवाळ्यातला लाल कांदा मात्र साठवायला घेऊ नका, तो सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. गहू घेतला तर दोन कडक उन्हं द्या, गार झाल्यावर एरंडेलाचा हात फिरवा, कोरड्या कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. सुट्या धान्याचा भाव काढताना घट धरायला विसरू नका. दोन रुपये स्वस्त गव्हात किलोमागे पन्नास ग्रॅम माती-खडे निघाले तर स्वस्ताई तिथेच गेली.

तुम्ही म्हणाल, पगार आटलाय आणि मी वर्षाचं धान्य भरा म्हणतेय. अडचण खरी आहे. एकरकमी पैसे नसणाऱ्यालाच बाजार सगळ्यात महाग पडतो, हे मी बावीस वर्षं पाहिलंय आणि मला त्याचा अजून राग येतो. यावरचा उपाय एकट्यानं होत नाही. तुमच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून तांदळाचा ३० किलोचा एक कट्टा आणि तेलाचा एक डबा घ्या, वजनकाटा मध्ये ठेवून वाटून घ्या. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात किंवा तुमच्या पिंपरीतल्या होलसेलवाल्यांकडे एक जण गेला तर चौघांचं काम होतं. जाण्या-येण्याचे पैसेही चौघांत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करत आली आहे: आसपासची काही कुटुंबं मिळून एक संघ, महिन्याची एकत्र मागणी, माल एका घरी उतरतो आणि सभासद आपापसांत वाटून घेतात. मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार सुरू केला तोही याच गरजेतून. तुम्हाला संस्था काढायची नाही, चार घरं पुरे. बचत गटात असाल तर धान्यासाठी गटातून महिन्याला टक्का-दोन टक्क्यानं कर्ज घेऊन ते चार महिन्यांत फेडणं मला मान्य आहे. कारण तो माल घरात राहतो, भाव वाढला तरी तुमचा भाव ठरलेला असतो.

क्रेडिट कार्डावर मात्र किराणा भरू नका, जर पूर्ण बिल तारखेला भरण्याची खात्री नसेल तर. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. दहा टक्के सुटीच्या नादात चाळीस टक्के द्यायचे? आणि तुम्ही मिक्सरसाठी जो 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणवणारा, हप्ता विचारलाय, त्यात व्याज असतंच, ते सुटीच्या नावानं वळतं केलेलं असतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगितलंय. वर त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या खिशातून. रोख घेणाऱ्याला किती सोडता, हा प्रश्न दुकानात विचारा आणि मग तुलना करा. मिक्सर चालतोय तोवर भांडं दुरुस्त करून घ्या.

भाजी आठवडे बाजारातून, संध्याकाळी उशिरा. उठायच्या वेळी वाटे लावतात. वाट्यात एखादं वांगं किडकं निघेल हे धरून घ्यायचं. जे महागलं ते सोडायची सवय हवी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला तेव्हा आमच्या गटातल्या बायकांनी आमसूल आणि चिंचेवर आमट्या केल्या, घरात कुणी तक्रार केली नाही. पालेभाजी विकणाऱ्या, जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी ओढाताण करू नका, ही माझी विनंती आहे. तिचंही घर याच बाजारावर चालतं. तुमची बचत तिच्या जुडीत नाही, वेफर्सच्या पाकिटात आहे.

तसंच तुमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याचं. ॲप आल्यापासून तुम्ही त्याच्याकडे फक्त दही-कोथिंबिरीला जाता असं दिसतं. निम्मी यादी त्याच्याकडे ठेवा, आणि एकगठ्ठा यादी देऊन भाव करून घ्या, रोख देऊन. टाळेबंदीत २०२० साली किती घरं त्याच्या उधारीच्या वहीवर जगली हे मी जवळून पाहिलंय. यजमानांच्या कारखान्यात उद्या आणखी काही झालं, तर ॲप महिनाभर थांबणार नाही. तो थांबेल, पण ओळख चालू राहिली तरच.

सासूबाईंच्या औषधांचे तुम्ही १,८०० लिहिलेत. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या आहेत. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगा की औषधाचं मूळ नाव लिहून द्या, आणि ते घेऊन जनऔषधी केंद्रात जा. ब्रँडच्या औषधांपेक्षा तिथल्या किमती साधारण ५० ते ८० टक्क्यांनी कमी असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नका, डोस तर मुळीच नाही. पण हा प्रश्न विचाराच. तुमच्या सगळ्या कूपनांनी मिळून जे वाचलं नाही ते या एका चिठ्ठीत वाचू शकतं. आणि रेशनकार्डावर तुमचं धान्य बसत असेल तर ते उचला. यजमानांना रांगेत उभं राहायला कसंसंच वाटतं असं तुम्ही लिहिलंय. त्यांना माझ्याकडून सांगा, माझे वडील शिक्षक होते आणि तेही पिशवी घेऊन त्याच रांगेत उभे राहायचे.

तुमच्या १५,००० मधून मला खात्रीनं दिसतात ते दोन-अडीच हजार, पहिल्या तीन महिन्यांत. निम्म्याच्या आसपास औषधांतून, उरलेले खाऊच्या भरतीतून आणि तेल-तांदूळ एकत्र घेण्यातून. याहून जास्तीचं आश्वासन मी देणार नाही. मुलांचं दूध, अंडी, शेंगदाणे यांना हात लावू नका, तिथली कपात पुढे दवाखान्यात भरावी लागते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, एका ॲपमध्ये साठलेले २६० रुपये कॅशबॅक ३१ तारखेला संपणार आहेत त्याचं काय करायचं. त्याला किमान खरेदीची अट नाही असं तुम्ही लिहिलंय, तर वाया घालवू नका. यादीत तेल आहे, तेल घ्या. पिशवीवर लिटर आहे की ८५० मिली ते उलटी करून बघा, पाठवणावळ धरून लिटरला काय पडलं ते काढा आणि नव्या वहीतल्या तेलाच्या पानावर पहिली नोंद तीच करा. कॅशबॅकचे पैसे वजा न करता, पूर्ण भाव लिहा. पुढच्या महिन्यात तुलना त्याच आकड्याशी करायची आहे.